बागेला तिकीट लावणाऱ्यांचा सत्कार बंद करा

३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याला, मुंबईच्या मलबार हिलवर कमला नेहरू पार्कला लागून असलेल्या झाडीतला उन्नत निसर्गमार्ग लोकांसाठी खुला झाला. ४८५ मीटर लांब, २.४ मीटर रुंद, खांबांवर पेललेली लाकडी वाट. सिंगापुरात झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी वाट आहे, तिच्यावरून घेतलेली कल्पना. खर्च पंचवीस-तीस कोटींच्या घरात. मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी उद्घाटन केलं, छायाचित्रं निघाली, बातम्या आल्या. त्या बातम्यांच्या पोटात एक ओळ होती: प्रवेशशुल्क भारतीयांना २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना १०० रुपये, नोंदणी ऑनलाइन.

अभिनंदन करणाऱ्यांना ती ओळ खुपली नाही. मला खुपली आणि अजून खुपते. मी राहते कर्नाटकात, बिदर शहराला लागून असलेल्या कोळारच्या बाजूला. तरीही हा विषय माझा आहे. भालकी, औराद, बसवकल्याणची कितीतरी माणसं पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेली आहेत आणि सुटीच्या दिवशी ती पोरांना घेऊन कुठे जाणार, हा प्रश्न माझ्या घरातला आहे. दुसरं कारण त्याहून वाईट. मोठ्या शहरानं आज जे केलं त्याची नक्कल लहान गावची पालिका उद्या करते. चांगल्या गोष्टीची नक्कल व्हायला दहा वर्षं लागतात, तिकिटाच्या खिडकीची पुढच्याच अंदाजपत्रकात होते.

ती वाट चांगली आहे, हे मी कुणाच्याही आधी म्हणेन. खांबांवर उभी केल्यामुळे झाडांची मुळं तुडवली जात नाहीत, पालापाचोळा जागेवर राहतो, वरून माणसं जातात आणि खाली माती आपलं काम करत राहते. एका शहराला आपल्या पोटातलं जंगल दाखवावंसं वाटलं, यात आनंद आहे. ज्यांनी आराखडा काढला आणि ज्या मजुरांनी तो उभा केला त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. माझा राग त्या वाटेवर नाही. लोकांच्या पैशानं, लोकांच्या जमिनीवर, लोकांच्या झाडांमधून वाट काढायची आणि मग तिच्या तोंडाशी उभं राहून लोकांकडेच पैसे मागायचे, या निर्णयावर माझा राग आहे. तो निर्णय घेणाऱ्यांना लाज वाटायला हवी होती. त्यांना हार घातले गेले.

शहरात पाय ठेवल्यापासून माणसाला प्रत्येक गोष्टीचे पैसे मोजावे लागतात. बसायचं तर चहा घ्या, सावली हवी तर दुकानात शिरा, पंख्याखाली थांबायचं तर काहीतरी खरेदी करा. बाग एवढी एकच जागा अशी, जिथे खिशात काही नसलेला माणूस तासभर बसला तरी त्याला कुणी ‘काय हवंय?’ असं विचारत नाही. बागेची किंमत याच्यात आहे. कारंजी, दिवे, काचेची जमीन हे सगळं नंतरचं. खिडकी लावली की बाग राहत नाही, तिथे आणखी एक दुकान होतं आणि शहरात दुकानं आधीच पुष्कळ आहेत.

देखभालीला पैसे लागतात, असं सांगतात. या उत्तरावर गप्प बसायची आपल्याला सवय लागली आहे, म्हणून मी हिशेब मांडते. या वाटेवर एका वेळी २०० माणसांनाच सोडायचं आणि एकेकाला तासाची वेळ द्यायची, असं ठरलं. पहाटे ५ ते रात्री ९ म्हणजे १६ तास. वर्षातला प्रत्येक दिवस, दिवसातला प्रत्येक तास, भर पावसाळ्यातल्या दुपारीसुद्धा, २००च्या २०० जागा भरल्या असं धरू. दिवसाला ३,२०० माणसं. वर्षाला ११ लाख ६८ हजार. प्रत्येकी २५ रुपये. बेरीज होते २ कोटी ९२ लाख. प्रत्यक्षात इतकी गर्दी कधीच होणार नाही, तेव्हा मिळणारी रक्कम याहून पुष्कळ कमी. आता मुंबई महापालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक पाहा: ७४,४२७ कोटी रुपये. शंभर रुपयांत अर्धा पैसासुद्धा या तिकिटातून येत नाही. एवढ्यासाठी त्यांनी दार अडवलं. ज्या पालिकेला अर्ध्या पैशाची ददात नाही ती देखभालीचं कारण देते, तेव्हा ती खोटं बोलते आहे असं स्पष्ट म्हणायला हवं.

मग तिकीट कशासाठी? माणसं निवडण्यासाठी. २५ रुपये ज्याला जाणवत नाहीत त्याला आत घ्यायचं आणि ज्याला जाणवतात त्याला बाहेर ठेवायचं. पाच माणसांच्या कुटुंबाला १२५ रुपये लागतात आणि त्या पैशात बिगारी कामगाराच्या घरात दोन वेळची भाजी येते. शिवाय ऑनलाइन नोंदणी. ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याच्या खात्यात महिन्याच्या वीस तारखेनंतर काही उरत नाही, ज्याला अर्जावर सही करायलाही दुसऱ्याची मदत लागते, तो या टेकडीवर चढणार कसा? मलबार हिलवरच्या घरांत धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं करणाऱ्या बाया रोज ती टेकडी चढून येतात. काम संपल्यावर तासभर त्या झाडांत बसायला त्यांनी आदल्या दिवशी जागा राखून ठेवायची काय?

आणि त्याच टेकडीवर फिरोजशहा मेहता उद्यान आहे, ज्याला सगळी मुंबई हँगिंग गार्डन म्हणते. कमला नेहरू पार्क आहे. म्हातारीचा बूट पाहायला पिढ्यान्‌पिढ्या पोरं तिथे येतात. या दोन्ही ठिकाणी प्रवेशाला पैसे पडत नाहीत. म्हणजे जुन्या काळच्या, कमी पैशाच्या महापालिकेला जे जमलं ते आजच्या श्रीमंत महापालिकेला जमत नाही.

दुसरा युक्तिवाद घाणीचा. पैसे न घेता सोडलं की लोक घाण करतात, म्हणे. हे म्हणणाऱ्यांच्या मनात कोणते ‘लोक’ असतात ते मला नीट माहीत आहे. शिवाजी पार्क १९२५ साली खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं १९२७ मध्ये त्याला शिवरायांचं नाव मिळालं. त्या मैदानावर क्रिकेट वाढलं, गणपतीतली आणि दसऱ्याची गर्दी मावली, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडलं आणि आमचा बिदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमेवरच्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्यांनी शिवाजी पार्क हे नाव ते डोळ्यांनी न पाहता, त्या सभांच्या बातम्यांतून ऐकलेलं होतं. त्या मैदानाला तिकीट असतं तर ती माणसं तिथे जमली असती काय? इकडे बेंगळुरूचं कब्बन पार्क १८७० पासून आहे. शहराच्या ऐन मध्यावर, पायी आत जायला खिडकी नाही. ते काही उकिरडा झालेलं नाही. बाग घाण होते ती झाडूवाल्याला वेळेवर पगार न दिल्यानं, कचराकुंडी न ठेवल्यानं, संडासाला कुलूप लावल्यानं. तिकीट काढलेला माणूसही वेफर्सचं पाकीट खाली टाकतोच.

तिसरा मुद्दा गर्दीचा आणि हा मला मान्य आहे. अरुंद वाटेवर हजार माणसं सोडता येणार नाहीत, झाडांनाही ते सोसणार नाही. २००ची मर्यादा योग्यच. पण मर्यादा पाळायला रांग पुरते. देवळात पाळतात, दवाखान्यात पाळतात, रेशनच्या दुकानात पाळतात. दारावर माणूस बसवा, हातात पैसे न घेता चिठ्ठी द्या, आतला बाहेर आला की बाहेरचा आत सोडा. रांगेत मंत्र्याचा मुलगा आणि भाजीवालीचा मुलगा एकामागे एक उभे राहतात. तिकिटानं ते दोघं वेगळे होतात, एवढाच फरक.

ही सवय एका दिवसात लागलेली नाही. राणीची बाग १८६२ साली उघडली. भायखळा, लालबाग, परळच्या गिरणगावासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या रविवारची बाग होती. मार्च २०१७ मध्ये तिथे पेंग्विनांचं दालन सुरू झालं, मोठा समारंभ झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मोठ्यांचं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेलं, मुलांचं २ वरून २५वर. दहापट आणि साडेबारापट. नवा भाग उघडल्याचा आनंद साजरा केला त्यांनी आणि त्याचं बिल पाठवलं जुन्या बागेत दर रविवारी येणाऱ्यांना, ज्यांनी पेंग्विन मागितलेच नव्हते. त्या बागेतली जुनी झाडं बघायला जाणाऱ्यालाही तीच पावती फाडावी लागते. मुंबईत माणशी मोकळी जागा सुमारे सव्वा चौरस मीटर आहे, म्हणजे एका चटईएवढी. केंद्र सरकारच्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूचना १० ते १२ चौरस मीटरची अपेक्षा धरतात. ज्या शहरानं माणसाला चटईएवढीच जागा दिली आहे, त्यानं त्या चटईचं भाडं घ्यावं?

जगात हा वाद जुना आहे आणि तो कधीच मिटलेला आहे. इंग्लंडमध्ये डर्बी शहराला जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकानं १८४० साली एक मोठी वृक्षबाग दिली. आठवड्यातले दोन दिवस, रविवार आणि बुधवार, ती सर्वांना खुली आणि बाकीचे दिवस पैसे. कारण तेच, देखभाल. तिथल्या लोकांना तो नियम काढून टाकायला १८८२ साल उजाडावं लागलं. दरम्यान १८४७ मध्ये बर्कनहेड गावानं सार्वजनिक पैशातून बाग उभी केली आणि दार सताड उघडं ठेवलं. तीन वर्षांनी फ्रेडरिक ओल्मस्टेड नावाचा अमेरिकन तरुण ती बघायला आला. गरिबातला गरीब माणूस तिथे श्रीमंताइतक्याच हक्कानं फिरतो, हे पाहून तो थक्क झाला. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दोन आराखडाकारांपैकी तो एक झाला. त्या पार्कचा पहिला भाग १८५८च्या हिवाळ्यात उघडला, गोठलेल्या तळ्यावर लोकांची झुंबड उडाली आणि त्यासाठी कुणाला पैसे पडले नाहीत. आपण सिंगापूरवरून वाट उचलली. बर्कनहेडवरून उघडं दार उचलायला काय हरकत होती?

या सगळ्यात बायकांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी घेते. आमच्यासारख्या गावात पुरुषाला बसायला टपरी आहे, कट्टा आहे, बसस्टँडसमोरचं हॉटेल आहे. बाईनं तिथे एकटीनं बसून दाखवावं. देवळात बसता येतं, पण हात जोडून. माहेर परगावी, घरात सासू-सासरे, दोन खोल्या. अशा बाईला चार श्वास मोकळे घेण्यासाठी बागेतला बाक एवढीच जागा उरते. तिच्या हातात स्वतःचे पैसे नसतात. वीस रुपये मागायचे तर ‘कशाला?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं आणि ‘नुसतं बसायला’ हे उत्तर कुठल्याच घरात चालत नाही. तिकिटाची खिडकी सगळ्यात आधी तिला बाहेर काढते.

एका मोठ्या शहरातल्या तिकिटाच्या बागेत मी हे समोर पाहिलं. आमच्या औरादकडची एक म्हातारी, लेकाकडे आलेली, झाडाखाली हिरवळीवर बसून भाकरीचं फडकं सोडत होती. शिट्टी वाजवत रखवालदार आला.

“मावशी, उठा. डबा आत चालत नाही.”

“बाळा, तिकीट काढलंय की रे. खाली बसले तर काय झालं?”

“बाकावर बसा. लॉनवर नाही बसायचं.”

बाक सगळे भरलेले. मी मध्ये पडले तर तो म्हणाला, “ताई, मला वरून सांगितलंय. मी कंत्राटावर आहे.” त्याचं खरं होतं. म्हातारीनं फडकं बांधलं आणि भाकरी न खाताच ती उठली. तिच्याकडून पैसे घेतले आणि बसूही दिलं नाही. ही बाग कुणासाठी होती, ते त्या दिवशी मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

आता आमच्या बिदरकडे या. उदगीर रस्त्यावर अली बरीदची कबर आहे, त्यानं हयातीतच, १५७७ साली बांधून घेतलेली. भोवती बाग. त्या घुमटाखालच्या इमारतीला चारही बाजूंनी कमानी आहेत आणि एकाही कमानीला दार नाही. वारा आरपार जातो. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या सुलतानानं स्वतःच्या कबरीला दार लावलं नाही आणि मतं मागून निवडून आलेली माणसं बागेच्या तोंडाशी फिरतं लोखंडी फाटक बसवतात. बिदरमध्ये कित्येक शतकांचा वारसा आहे. तो पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हिरवळ कापली जाते, ते ठीक आहे. पण ज्या वस्तीला झाडांची सगळ्यात जास्त गरज आहे ती कोळारची वस्ती. इथे औद्योगिक वसाहत आहे, औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. वारा फिरला की संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि इथल्या पोरांना त्या वासाची इतकी सवय झालेली आहे की बाहेरगावी गेल्यावर हवा वेगळी लागते असं ती सांगतात. कारखान्यांना पर्यावरण मंजुरी देताना जागेच्या ३३ टक्के भागात हरित पट्टा राखण्याची अट वर्षानुवर्षं घातली जात होती. तो पट्टा कागदावर किती आणि जमिनीवर किती, हे मोजायला कुणी आलेलं मी पाहिलेलं नाही. कामगारांच्या वस्तीजवळ सावलीची एक सलग जागा, पाण्याचा नळ, कुलूप नसलेला संडास, दहा बाक. एवढ्याला पैसे नाहीत आणि शहरात मध्यावर रंगीत कारंजं आणि ‘आय लव्ह’ची उंच अक्षरं उभी करायला असतात.

कारण अक्षरांसमोर छायाचित्र निघतं. उद्घाटनाला कोनशिला लागते, तिच्यावर आमदार, खासदार, पालकमंत्री, अध्यक्ष, सदस्य, आयुक्त, सगळ्यांची नावं येतात. झाडाला रोज पाणी घालणाऱ्या माळ्याचं नाव मी आजवर एकाही कोनशिलेवर वाचलेलं नाही. तो कंत्राटदाराकडे असतो, कंत्राट संपलं की जातो आणि त्याच्या मागोमाग पहिल्याच उन्हाळ्यात रोपं जातात. मग पुढच्या निवडणुकीआधी ‘नूतनीकरण’ निघतं. नवी फरशी, नवी फीत, नवं तिकीट. झाड वाढायला पंधरा वर्षं लागतात आणि एवढा धीर कोनशिला लावणाऱ्यांकडे नाही. नव्या भागाचा सोहळा करायचाच असेल तर तो उघडल्यानंतर पाच वर्षांनी करा, तेव्हा किती झाडं उभी आहेत ते मोजून. आणि फीत माळ्याच्या हातून कापा.

लोक म्हणतात, आपल्या हातात काय आहे? आहे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवायच्या कामांमध्ये बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत. पाण्याचा नळ आणि रस्त्यावरचा दिवा ज्या यादीत आहेत, त्याच यादीत. रस्त्यावरच्या दिव्याखाली उभं राहायचे कुणी पैसे मागितले तर आपण ऐकून घेऊ काय? कर्नाटकात १९८५चा बागा, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागांच्या जतनाचा कायदा आहे. नागरी भागातल्या अशा जागांची यादी करून ती प्रसिद्ध करायची आणि त्या जागा दुसऱ्या कामाला द्यायच्या नाहीत, असं तो सांगतो. बेंगळुरूच्या राजमहल विलास भागात बागेसाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून खासगी नर्सिंग होमला दिली गेली, तेव्हा तिथले रहिवासी कोर्टात गेले. उच्च न्यायालयानं ते वाटप रद्द केलं आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्दच ठेवलं. आमच्याच राज्यातली ही गोष्ट. ते रहिवासी कुणी मोठे पुढारी नव्हते. बाग गेली तर आपलं काहीतरी जातं, हे त्यांना कळत होतं आणि ते बोलले.

म्हणून बिदरकरांना, आणि मुंबई-पुण्यातल्या माझ्या लोकांनाही, माझं सांगणं आहे. पुढच्या बागेच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवायला जाऊ नका. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शहरातल्या बागांची आणि मोकळ्या जागांची यादी कुठे आहे? प्रवेशशुल्क कुठल्या ठरावानं लावलं आणि गेल्या वर्षी त्यातून किती रक्कम जमली? ती गोळा करणाऱ्या कंत्राटदाराला त्यातले किती दिले? बागेत कायम नोकरीवर किती माळी आहेत? अर्जाला १० रुपये लागतात, म्हणजे मलबार हिलच्या तिकिटापेक्षा १५ कमी, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. कोळारच्या हरित पट्ट्याबद्दलचा माझा अर्ज लिहून तयार आहे. त्यावर सह्या करायला या.